बीडची जोखीम कोणी घ्यायची?

२०२० च्या खरीप हंगामासाठी राज्य शासनाने पीक विम्याच्या निविदा मागवल्या, तेव्हा बीड जिल्ह्यासाठी एकाही विमा कंपनीने निविदा भरली नाही. पंतप्रधान पीक विमा योजना सुरू होऊन त्या वेळी चार वर्षे झाली होती. हप्त्याचा मोठा भाग केंद्र आणि राज्य सरकार भरणार होते आणि बीडच्या अकरा तालुक्यांतले लाखो शेतकरी विमा भरायला तयार होते. इतके गिऱ्हाईक समोर असताना दुकानदारांनी दुकान उघडायलाच नकार दिला, असा तो प्रकार होता.

त्यावर दोन स्पष्टीकरणे सर्रास ऐकू येत. एक म्हणजे कंपन्या नफेखोर आहेत. दुसरे, जरा दबक्या आवाजात सांगितले जाणारे, म्हणजे बीडचे शेतकरी विम्याच्या बाबतीत फार 'हुशार' आहेत. दोन्हींत थोडे तथ्य असेलही. पण या योजनेचे शासननिर्णय आणि तिच्यावरचे वाद बरीच वर्षे वाचत आल्यावर मला वाटते, की मूळ दुखणे कोणाच्या स्वभावात नाही. ते जोखमीच्याच स्वरूपात आहे. ते नीट समजून घेतले, तर पुढच्या पाच वर्षांत राज्याने जे जे प्रयोग केले आणि मोडले, त्यांचाही अर्थ लागतो.

एकाचे घर आणि साऱ्यांचे शेत

गावात एखाद्याचे घर जळाले, तर चार जण वासे देतात, चार जण पत्रे देतात आणि पावसाळ्याआधी छप्पर उभे राहते. विम्याचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही. पुष्कळांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला ते मिळायचे. मोटारीचा विमा असाच चालतो. हजार गाड्यांपैकी वर्षात काही थोड्यांनाच अपघात होतो. कोणाला होईल ते सांगता येत नाही, पण साधारण किती जणांना होईल ते सांगता येते, आणि त्यावरून हप्ता ठरतो.

ही रीत एका अटीवर चालते. सगळ्यांवर एकाच वेळी वेळ येता कामा नये. सगळे गावच जळाले, तर वासे द्यायला कोण उरणार? दुष्काळ आणि अतिवृष्टी नेमकी ही अट मोडतात. पाऊस एकवीस-एकवीस दिवस दडी मारतो तेव्हा तो गट नंबर पाहून दडी मारत नाही. आष्टीचे, पाटोद्याचे, शिरूर कासारचे सोयाबीन एकाच आठवड्यात माना टाकते. अशा जोखमीत गिऱ्हाईक वाढवून कंपनीचा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. एका जिल्ह्यात दहा लाख अर्ज आले, म्हणजे एकाच वाईट वर्षात दहा लाख दावे येण्याची तयारी ठेवावी लागते.

त्यात बीडचे हवामान टोकाचे आहे. जिल्हा पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. मधून बालाघाटचे डोंगर गेलेले. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण २०१६ च्या एप्रिलमध्ये कोरडे पडलेले होते, म्हणूनच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पाच वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरअखेर, त्याच धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शिवारे पाण्याखाली गेली. तो पाऊस आणला होता 'गुलाब' या चक्रीवादळाच्या अवशेषाने. ते आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले, जमिनीवर येऊन क्षीण झाले आणि तेलंगण, मराठवाडा ओलांडत अरबी समुद्राकडे गेले. समुद्र न पाहिलेल्या तालुक्यांनाही वादळाचा हिशेब चुकवावा लागतो, तो असा.

फ्लोरिडाची गोष्ट

वादळ म्हटले की विमा व्यवसायातल्या माणसाला अमेरिकेतले फ्लोरिडा राज्य आठवते. तिथे पिकांऐवजी घरांचा प्रश्न आहे, पण गाठ तीच. २४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' हे चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला धडकले. हजारो घरांची छपरे एका सकाळी उडाली. अनेक वर्षे जमवलेले हप्ते त्या एका दिवसाच्या दाव्यांना पुरले नाहीत. काही लहान कंपन्या बुडाल्या, आणि मोठ्या कंपन्यांनी किनाऱ्यालगतची घरे टाळायला सुरुवात केली. घरावर कर्ज असेल तर विमा लागतोच, आणि विमा तर कोणी देईना.

मग राज्य सरकारला उतरावे लागले. १९९३ मध्ये त्यांनी चक्रीवादळासाठी वेगळा निधी उभा केला. विमा कंपन्यांनी स्वतःचा विमा जिथे उतरवायचा, म्हणजे ज्याला पुनर्विमा म्हणतात, तो या निधीतून स्वस्तात मिळू लागला. २००२ मध्ये 'सिटिझन्स' ही सरकारी विमा कंपनी निघाली. बाजारात कोणी घेत नाही त्याची जोखीम तिने घ्यायची, अशी कल्पना. खासगी कंपन्या जसजशा मागे सरकल्या, तसतशी ही शेवटची आसऱ्याची कंपनी राज्यातली सर्वांत मोठी झाली. २०२३ मध्ये तिच्याकडे चौदा लाखांच्या आसपास घरे होती. तिला तूट आली तर ती इतर विमाधारकांवर, अगदी मोटारीच्या विम्यावरही, अधिभार लावून वसूल करता येते. म्हणजे किनाऱ्यावरच्या बंगल्याचे छप्पर शेवटी आतल्या गावातल्या मोटारवाल्याच्या खिशातून दुरुस्त होऊ शकते.

फ्लोरिडाने आणखी एक काम केले, ते आपल्याकडच्या चर्चेत फारसे येत नाही. त्यांनी घर बांधण्याचे नियम कडक केले. छप्पर भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी कसे जखडायचे, खिडक्यांनी वाऱ्याचा किती दाब सोसायचा, हे ठरवून दिले. नुकसानच कमी झाले तर विमा परवडतो, हा त्यामागचा हिशेब. याकडे मी शेवटी परत येईन.

दांडेकरांचा तोडगा

भारतात पीक विम्याचे पहिले मोठे प्रयोग १९७२ नंतर झाले. सुरुवात गुजरातेत एच-४ कापसापासून झाली. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजायचे, अशी ती योजना होती. १९७८ पर्यंत तिच्यात हप्ता जमला साडेचार लाखांच्या आसपास आणि भरपाई गेली जवळजवळ अडतीस लाख. शेताशेतावर जाऊन मोजणी करण्याचा खर्च वेगळाच. याच दशकाच्या आरंभी धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने पीक विमा भारतात व्यवहार्य नाही, असे मत दिले होते.

त्याला उत्तर दिले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी. साताऱ्यात जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञाचे नाव आपण बहुधा 'भारतातील दारिद्र्य' या विषयाशी जोडतो. पण १९७६ च्या त्यांच्या एका लेखावर आजची पीक विमा योजना उभी आहे. त्यांनी सांगितले, की एकेका शेताऐवजी एकेका क्षेत्राचे उत्पादन मोजा. क्षेत्राची सरासरी ठरावीक पातळीखाली गेली, तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई द्या. यात लबाडीला वाव कमी, कारण एकट्याने शेताकडे दुर्लक्ष करून सरासरी खाली येत नाही. मोजणीचा खर्चही आवाक्यात राहतो. १९७९ मध्ये या पद्धतीची प्रायोगिक योजना आली आणि १९८५ मध्ये ती देशभर नेली गेली.

मोजणीचा प्रश्न त्यामुळे सुटला, पण पैशाचा सुटला नाही. १९८५ ते १९९९ या काळात या योजनेत हप्ता जमला सुमारे चारशे कोटी आणि भरपाई दिली गेली सुमारे तेवीसशे कोटी. त्यातली जवळपास निम्मी एकट्या गुजरातेत, मुख्यतः भुईमुगापोटी. फरक केंद्र आणि राज्यांनी सोसला. १९९९-२००० च्या रब्बीपासून आलेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेतही अन्नधान्य आणि तेलबियांच्या बाबतीत हप्त्याच्या वरची भरपाई सरकारेच देत. दोन्ही योजनांत जोखीम खऱ्या अर्थाने सरकारचीच होती. विमा कंपनी हिशेब ठेवणारी होती.

२०१६ च्या पंतप्रधान योजनेने हे उलटवले. कंपन्यांनी खरा, म्हणजे विमागणितानुसार येणारा हप्ता मागायचा; शेतकऱ्याने खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के भरायचे; उरलेला हप्ता केंद्र आणि राज्याने द्यायचा. भरपाई हप्त्याहून जास्त झाली, तरी ती कंपनीने सोसायची. कागदावर हे स्वच्छ होते. पण बीडसारख्या जिल्ह्यात 'खरा' हप्ता किती येतो? २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने ठरवले, की कोरडवाहू क्षेत्रात तीस टक्क्यांपर्यंतच्याच हप्ता दराला आपण अनुदान देऊ. मर्यादा तीस टक्क्यांवर घालावी लागते, यातच दर कुठवर गेले होते ते दिसते. लाखाच्या पिकाला तीस हजार हप्ता म्हणजे तीन-चार वर्षांतून एकदा सगळे पीक जाणार असे धरून चालणे. जी आपत्ती जवळजवळ ठरल्यासारखी येते, तिचा विमा हा विमा राहत नाही. ती आगाऊ भरलेली मदत होते.

याच सुमारास पुनर्विमा महागला होता आणि काही खासगी कंपन्यांनी पीक विम्यातून अंग काढून घेतले होते. मग बीडला कोणी आले नाही, यात नवल उरत नाही.

ऐंशी-एकशेदहा

कोंडी फुटली ती 'बीड पॅटर्न'ने. केंद्राच्या भारतीय कृषी विमा कंपनीने बीडची जबाबदारी घेतली, ती एका अटीवर. ती अशी समजून घ्या. एकूण हप्ता शंभर रुपये जमला. भरपाई दीडशेची झाली, तर एकशेदहापर्यंत कंपनी देईल, वरचे चाळीस राज्य सरकार देईल. भरपाई तीसचीच झाली, तर कंपनी वीस रुपये खर्च आणि नफ्यापोटी ठेवील आणि उरलेले पन्नास सरकारला परत करील. यालाच पुढे 'कप अँड कॅप' म्हणू लागले.

हे नवे सूत्र म्हणून गाजले. पण १९८५ आणि १९९९ च्या योजना आठवल्या, तर जुन्या सत्याची ती नव्याने दिलेली कबुली होती. अशा जोखमीच्या टोकाला सरकारलाच उभे राहावे लागते. माझ्या मते बीड पॅटर्नची हीच मोठी गोष्ट. आणखी एक गुण त्यात होता. चांगल्या वर्षीचा सगळा नफा कंपनीच्या खिशात जायचे बंद झाले. पहिल्याच वर्षी ते कामाला आले. बीडमध्ये त्या खरिपाला एकूण हप्ता सुमारे आठशे कोटी होता आणि सुरुवातीला वाटलेली भरपाई त्याच्या मानाने अगदी किरकोळ होती. जुन्या पद्धतीत हा सगळा फरक कंपनीचा झाला असता. २०२२ च्या खरिपापासून हे सूत्र राज्यभर लागू झाले.

पण ज्या आकड्यांनी सूत्राचे कौतुक झाले, त्याच आकड्यांनी शेतकरी संतापला. पावसाने पीक भिजले होते, तरी इतकी कमी भरपाई कशी? इथे दुसरा प्रश्न येतो. नुकसान मोजतो कोण?

मोजमापाचा वाद

दांडेकरांच्या पद्धतीत मोजमाप महसूल मंडळाचे होते. मंडळात दहाएक ठिकाणी पीक कापणी प्रयोग करायचे आणि सरासरी काढायची. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा सरासरी हेक्टरी दहा क्विंटल, तर उंबरठा सात. यंदा आले ४ क्विंटल ९० किलो, म्हणजे घट तीस टक्के. ५० हजारांच्या विमा रकमेवर भरपाई १५ हजार. पण सव्वासात क्विंटल आले तर भरपाई शून्य, मग तुमच्या स्वतःच्या शेतात एक दाणाही न येवो. नदीकाठचे रान वाहून गेले आणि माळावरचे तरले, तर माळावरची सरासरी काठावरच्याचा दावा बुडवते.

ही उणीव भरून काढायला योजनेत वैयक्तिक पंचनाम्याची सोय होती. गारपीट, शेतात पाणी साचणे किंवा काढणीनंतर वाळत घातलेले पीक भिजणे, अशा वेळी ७२ तासांत कंपनीला कळवायचे. वीज नाही, फोनला रेंज नाही, ओढ्याला पूर आलेला, अशा अवस्थेत ७२ तास किती लवकर सरतात, ते मराठवाड्यात कोणालाही विचारावे. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात २०२० च्या खरिपाचा वाद याच मुद्द्यावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारी यंत्रणेने स्वतःच्या मदतीसाठी पंचनामे केलेले असताना विम्यासाठी वेगळी पूर्वसूचना कशाला, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला, तेव्हा दुसरा प्रकार घडला. हंगामाच्या मध्येच उत्पादन निम्म्याखाली जाईल असे दिसले, तर संभाव्य भरपाईच्या पंचवीस टक्के रक्कम आगाऊ द्यायची तरतूद होती. जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढल्या, अनेक ठिकाणी कंपन्यांनी त्यांवर हरकती घेतल्या आणि अपिलांत दिवस गेले.

ऐंशी-एकशेदहाच्या सूत्राने या वादात एक नवी अडचण घातली आहे, ती लक्षात घ्यायला हवी. भरपाई ऐंशीच्या खाली गेली की तिथून पुढे वाचणारा प्रत्येक रुपया सरकारला परत जातो, आणि एकशेदहाच्या वरचा प्रत्येक रुपया सरकारला द्यावा लागतो. पीक कापणी प्रयोगही सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखालीच होतात. मोजणारा आणि मोजमाप कमी आल्यावर ज्याचे पैसे वाचतात तो, एकच झाला. कोणावर आरोप करायचा नाही. पण ज्या रचनेत असा संशय घ्यायला जागा आहे, तिच्यावर लोकांचा विश्वास बसणे अवघड.

एक रुपया

२०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने शेतकऱ्याचा हिस्साही स्वतःवर घेतला आणि एक रुपयात पीक विमा सुरू झाला. त्या वर्षी खरिपाला राज्यात सुमारे एक कोटी सत्तर लाख अर्ज आले. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत. अर्जदाराचा खर्च एक रुपया, भरणाऱ्याची कमाई चाळीस, आणि हप्ता सरकारच्या तिजोरीतून. परिणाम व्हायचा तो झाला. दुसऱ्याच्या, सरकारी, देवस्थानच्या जमिनीवर अर्ज निघाले. काही ठिकाणी विमा उतरवलेले क्षेत्र पेरलेल्या क्षेत्राहून जास्त भरले. २०२४ च्या खरिपात राज्यात जे लाखो अर्ज बोगस म्हणून रद्द झाले, त्यांत एकट्या बीडचे लाखाच्या वर होते.

यात बीडचे नाव फार खराब झाले. पण गैरप्रकार करणारे आणि पीक गमावणारे हे बहुतेक वेळा वेगवेगळे लोक होते, हे त्या गदारोळात कोणी पाहिले नाही. शिक्षा मात्र दुसऱ्यांना झाली.

२०२५ च्या मे महिन्यात एक रुपयाची योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत झाला. एवढे समजण्यासारखे होते. पण त्याबरोबर पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान, ही चारही संरक्षणे काढून टाकली गेली. उरला फक्त मंडळाच्या सरासरीवरचा हिशेब. हप्त्याचा बोजा कमी होईल आणि वाचलेला पैसा शेतीतल्या भांडवली गुंतवणुकीसाठी वापरता येईल, हे त्यामागचे धोरण होते. खरिपाचे अर्ज मागच्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आले.

आणि त्याच सप्टेंबरात सीना, सिंदफणा, बिंदुसरा, गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. गेवराई, माजलगाव, शिरूर कासार, आष्टी या भागांत पिकांबरोबर माती गेली. ७ ऑक्टोबरला राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचे मदत पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख त्यात होते. विम्याच्या हप्त्यात वाचवायला गेलेला पैसा दुसऱ्या दाराने बाहेर पडला. फरक एवढाच, की विम्याची रक्कम हा हक्क असतो आणि मदत ही घोषणेवर अवलंबून असते.

काय करता येईल

'औंदा विमा आला का?' असे आमच्याकडे विचारतात, पाऊस आला का विचारावे तसे. विमा कशावर ठरतो, हे कोणालाच नीट माहीत नसल्याची ही खूण आहे. ते बदलायचे, तर मला तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली, टोकाची जोखीम सरकारची आहे हे मान्य करून तिच्यासाठी फ्लोरिडासारखा कायमचा निधी बांधावा. ऐंशी-एकशेदहाच्या सूत्रात चांगल्या वर्षी सरकारला परत आलेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत न जाता याच निधीत साठला, तर वाईट वर्षी घोषणेची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी, मोजमाप तिसऱ्याच्या हाती द्यावे. पीक कापणी प्रयोगांचे आकडे, पर्जन्यमापकांच्या नोंदी, उपग्रहाची चित्रे हे सगळे मंडळनिहाय, निकाल लागण्याआधी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. सरकारी पंचनामा झाला असेल, तर तीच पूर्वसूचना धरावी. नदीकाठचे रान आणि माळरान यांचा हिशेब निराळा ठेवावा.

तिसरी गोष्ट छपराच्या पट्ट्यांची. सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरले, तर जादा पाणी सरीतून निघून जाते आणि ओढीच्या काळात ओल टिकते. बांधबंदिस्ती, शेततळे, ओढ्यांचे मोकळे पात्र, एकाच पिकावर न विसंबणे, यांतले काहीच नवे नाही. पण हे करणाऱ्याला हप्त्यात एका पैशाची सवलत नाही, आणि न करणाऱ्यालाही तोच दर. जोखीम कमी करणाऱ्याला विम्याने ओळखले पाहिजे.

हे सगळे झाले, तरी बीडचा विमा स्वस्त होणार नाही. इथली जोखीमच मोठी आहे, आणि हवामान बदलत असताना ती लहान होण्याची चिन्हे नाहीत. ती कोणीतरी घेतलीच पाहिजे. कंपनीने घेतली नाही, सरकारने अर्धी घेऊन सोडून दिली, तर ती नाहीशी होत नाही. सावकाराच्या वहीत, ऊसतोडीच्या उचलीत आणि शाळा सुटलेल्या मुलांच्या वर्षांत ती जमा होत राहते. निविदा भरताना हा हप्ता कोणी मोजत नाही, आणि तो भरण्याला शेतकऱ्याला कधी नकारही देता येत नाही.